हसण्याआधीचा श्वास

स्नेहल चौगुलेचं हसू तिच्या ओठांवर येण्याआधी मुंबईतल्या स्टुडिओत पोचायचं.

यात अतिशयोक्ती नाही. माणूस हसतो त्याच्या साधारण पाव सेकंद आधी त्याचं शरीर तयारीला लागतं. चालू श्वास मध्येच थांबतो, घशातला पडदा मिटतो, बरगड्यांखालचे स्नायू ताणले जातात आणि मग हवा झटक्याझटक्यानं बाहेर पडते. या बाहेर पडण्याला आपण हसणं म्हणतो. आधीच्या तयारीला बरीच वर्षं नाव नव्हतं, कारण ती कुणी मोजली नव्हती.

मोजली गेली ती वेगळ्याच कामात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी टीव्हीच्या संचात लहरी सोडणारी एक चकती बसवायला सुरुवात झाली होती. माणूस खोलीत कोसळला किंवा झोपेत त्याचा श्वास अडखळला, की संच त्याच्या मुलांना कळवायचा. छातीची केसभर हालचालसुद्धा त्या लहरींना दिसायची. हजारो घरांतले श्वास जमा झाल्यावर अभियंत्यांच्या लक्षात आलं, की विनोदी कार्यक्रम चालू असताना एक ठरावीक आकृती पुन्हा पुन्हा उमटते, आणि ती हशाच्या आधी उमटते. त्यांनी तिला पूर्वहास्य म्हटलं.

शनिवारी संध्याकाळी आठ वाजता थेट दाखवला जाणारा 'पोटभर' हा कार्यक्रम पूर्वहास्यावर उभा होता. राज्यभरातून निवडलेल्या काही घरांत एकेक 'मापक' असायचा. मापकाच्या श्वासावरून बाकीचा महाराष्ट्र कुठे हसणार हे बऱ्यापैकी बरोबर सांगता यायचं. एखादं वाक्य जमतंय असं दिसलं, की यंत्र त्याच जातीचं पुढचं वाक्य नटाच्या कानात सांगायचं. जमत नसेल तर विषय बदलायचं. लेखक होते, पण ते आठवडाभर यंत्राला खाद्य पुरवायचे. शनिवारी त्यांना काम नसायचं.

शिवाय प्रत्येक मुख्य नटाला एक घरचा मापक दिलेला असे. त्या एका माणसाचं पूर्वहास्य नटाच्या कानात बारीक गुणगुणायचं, म्हणजे त्याला वाक्य कधी सोडायचं आणि कधी थांबायचं ते कळावं. 'पोटभर'मधली सगळ्यांत गाजलेली व्यक्ती म्हणजे रत्नावहिनी. पैठणी नेसून, उशीची छाती लावून ती साकारणारा नट म्हणजे अभिनंदन चौगुले. त्याची मापक होती त्याची थोरली बहीण, मिरजेच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारी स्नेहल.

अभिनंदन सहा वर्षांचा असल्यापासून तिला हसवत आला होता. आत्याची चाल, गल्लीतल्या कासारणीचा हेल, मुख्याध्यापकांचं खाकरणं. स्नेहल हसली की नक्कल पास. आता मधे अडीचशे मैल होते, एवढाच फरक.

रत्नावहिनीची सगळ्यांत मोठी जागा फेब्रुवारीत सापडली. वहिनी दिवाणखान्यात येते, पदर सावरते आणि म्हणते, "मला एक सांगायचंय." तिनं तोंड उघडताच नवरा, दीर, सासरा आणि शेजारचे काका असे चौघे जिथं असतील तिथं मेल्यासारखे आडवे होतात. एकाचा हात चहाच्या कपात. एकाची जीभ बाहेर. वहिनीचं तोंड तसंच उघडं.

मिरजेच्या घरी बैठकीच्या खोलीत स्नेहल एवढी हसली, की तिला सोफ्याचा हात धरावा लागला. शेजारी बसलेल्या आईनं, विजयामालाबाईंनी, पदर तोंडाला लावला.

"अप्पांचं आहे गं हे," स्नेहल डोळे पुसत म्हणाली.

"मग. दुसऱ्या कुणाचं?"

अप्पा जाऊन नऊ वर्षं झाली होती. आई स्वयंपाकघरातून येऊन "मला एक सांगायचंय" म्हणाली, की अप्पा कॉटवर धाडकन आडवे पडायचे, हात छातीवर, डोळे पांढरे. दोन्ही पोरं लोळायची. घरातला तो सगळ्यांत जुना विनोद होता.

कार्यक्रम संपल्यावर दर शनिवारप्रमाणे अभिनंदनचा फोन आला. "ताई, आज कानात गुणगुण नव्हती, भोंगा होता. तू काय करत होतीस?"

"मरत होते."

"यंत्र म्हणतंय, आता दर आठवड्याला पाडा. मेलो मी. चौघांनी आत्ताच गुडघ्यांना पट्टे मागितलेत."

स्नेहलनं लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल आता कुणी विचारतही नव्हतं. शाळेत मुलींना फुटबॉलचं मैदान मिळावं म्हणून ती दोन वर्षं संचालक मंडळाशी भांडली होती. एका सहशिक्षकाच्या वागण्याबद्दल तिनं एकटीनं तक्रार दिली होती आणि शेवटपर्यंत नेली होती. शिक्षकांच्या खोलीत ती आली की पाटील सर "मोर्चा आला" म्हणायचे. आणि शनिवारी संध्याकाळी ती उशीची छाती लावलेल्या भावाला बघून हसायची. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असं तिला कुणी सांगितलं असतं, तर तिनं त्याला विनोद कळत नाही असं म्हटलं असतं. तिनं तसं दोनतीन जणींना म्हटलंही होतं.

आडवं पडणं एप्रिलपर्यंत टीव्हीतून बाहेर आलं. आधी लग्नांच्या हॉलवर, मग कॉलेजांत. एका नगरपालिकेत पाणीपुरवठ्यावर बोलायला नगरसेविका उभ्या राहिल्या, तर समोरचा अख्खा बाक आडवा झाला. त्या क्लिपला लोकांनी डोक्यावर घेतलं. नगरसेविकासुद्धा हसताना दिसत होत्या.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. दुसऱ्या आठवड्यात स्नेहलनं शिक्षक-बैठकीत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कड्या तुटल्याचा विषय काढला. "सर, मला एक सांगायचंय," ती म्हणाली, आणि पाटील सर टेबलावर पसरले. त्यांच्या शेजारचे दोघं खुर्चीतच कलंडले. मुख्याध्यापक जरा वयस्कर, त्यांनी नुसती मान टाकली. सगळी खोली हसली. स्नेहलही हसली. पुढचा विषय क्रीडास्पर्धांचा होता, तो सुरू झाला. घरी जाताना मिशन हॉस्पिटलच्या चौकात सिग्नलला उभी असताना तिच्या लक्षात आलं, की कड्यांचं राहिलंच.

जुलैत नववीच्या वर्गात ते झालं. अल्फिया जमादार ही त्या वर्गातली सतत हात वर असणारी मुलगी. उत्तर येत असलं तरी हात वर, नसलं तरी वर. त्या दिवशी विद्युतमंडलाचा धडा चालू होता. अल्फिया उठली आणि म्हणाली, "मॅडम, मला एक..."

वीसेक मुलगे बाकांवर आडवे झाले. एक तर सराईतपणे बाकाखाली घरंगळला. मुली खिदळल्या. अल्फिया उभी होती, तोंड अर्धवट उघडं. आणि स्नेहलच्या छातीत श्वास थांबला, घसा मिटला, बरगड्यांखाली ताण आला. हसू बाहेर पडलं तेव्हा ती फळ्याकडे वळली, पण मुलांना खांदे दिसतात.

अल्फिया बसली.

"काय म्हणत होतीस?" वर्ग शांत झाल्यावर स्नेहलनं विचारलं.

"काही नाही मॅडम."

तासानंतर तिला बाहेर गाठून पुन्हा विचारलं, तर ती म्हणाली, "आठवत नाही." ती खोटं बोलत नव्हती. पुढचे तीन आठवडे तिचा हात वर आला नाही. एकदा अर्धा आला, डोक्याजवळ जाऊन केस नीट करून खाली गेला.

स्नेहलनं आधी सोपा मार्ग काढला. कार्यक्रम बघायचा, पण त्या जागेला हसायचं नाही. शनिवारी रत्नावहिनी आली, चौघे आडवे झाले. स्नेहलनं ओठ गच्च मिटून धरले, नखं तळहातात रुतवली. आवाज फुटू दिला नाही. तिला बरं वाटलं.

साडेनऊला फोन वाजला. "ताई, आजच्यासारखं आजवर कधी आलं नव्हतं," अभिनंदन म्हणाला. "स्वच्छ. कापल्यासारखं. इथली माणसं पडद्यासमोर उभी राहून बघत होती."

तिनं फोन ठेवला, संचाची वायर भिंतीतून उपसली आणि हाताला गुंडाळून कपाटात टाकली.

"हे काय?" आई म्हणाली.

"मी 'पोटभर' सोडला."

"भांडलीस त्याच्याशी?"

"नाही."

"मग मी त्याला कुठं बघू?"

"तुझ्या फोनवर बघ. फोनला चकती नसते."

आईनं फोन हातभर लांब धरून बघितला. "त्यात तो एवढासा दिसतो," ती म्हणाली.

पुढचा शनिवार गेला. रविवारी दुपारी अभिनंदन मिरजेला आला. बरोबर डॉ. केतकी उपासनी होत्या. पूर्वहास्याची आकृती पहिल्यांदा ओळखणाऱ्या चमूत त्या होत्या आणि आता 'पोटभर'चं यंत्र सांभाळायच्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, पायांत कॅनव्हासचे बूट. संच बिघडला असावा असं त्यांना वाटत होतं. त्यांनी सोबत एक हातातली चकती आणि आकृती दाखवणारी पाटी आणली होती, ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. आई वांगी चिरत होती.

"बिघडला नाहीये," स्नेहल म्हणाली. "मी काढलाय."

"का गं?" अभिनंदननं विचारलं.

तिनं अल्फियाबद्दल सांगितलं. मुख्याध्यापकांच्या टाकलेल्या मानेबद्दल सांगितलं. तो ऐकत होता आणि वांग्याचे देठ एकावर एक रचत होता.

"म्हणजे एका पोरीनं हात वर केला नाही म्हणून माझा कार्यक्रम बंद?"

"तुझा चालू राहील. माझा बंद."

"ताई, खुळी काय तू? माझ्या कानात काय राहील मग? काल दुसऱ्याच मापकाची गुणगुण लावली होती, मी दोनदा चुकलो. वाक्य सोडलं आणि हशा मागून आला, लोकल चुकलेल्या माणसासारखा उभा होतो." त्यानं देठांची रास बोटानं पाडली. "आणि दिवाळीपासून मला रत्नावहिनीचा स्वतंत्र कार्यक्रम देताहेत. स्वतंत्र, कळलं का? माझ्या नावावर. त्यांची एकच अट आहे, मापक हाच राहिला पाहिजे. दुसरा कुणी माझ्याशी जुळत नाही. सहा जणांवर बघून झालं."

हे स्नेहलला माहीत नव्हतं. ती केतकीबाईंकडे वळली. "खरं आहे?"

"खरं आहे. तुमच्यासारखं पूर्वहास्य क्वचित मिळतं. मापकांत बहुतेक बायकाच आहेत, तेही त्याच कारणानं."

"कुठल्या?"

"पुरुषांचं हसणं एकदम फुटतं. तयारी आणि हसणं एकमेकांत मिसळतं, मोजायला त्रास होतो. बायका, विशेषतः आपल्याकडच्या, हसू आधी आत धरतात. घसा मिटून ठेवतात. त्यामुळे सुरुवात वेगळी आणि ठसठशीत दिसते."

"मोठ्यानं हसू नये म्हणून लहानपणी टपल्या खाल्ल्यात, ते तुमच्या कामाला आलं."

"हो," केतकीबाई म्हणाल्या. त्यांनी नजर वळवली नाही. "तसंच झालं."

"म्हणजे मी त्या शनिवारी ओठ दाबून बसले, ते..."

"अजून चांगलं आलं."

आई वांगी पाण्यात टाकत होती. अभिनंदन खुर्चीत मागे रेलला. "झालं ना? तू हसलीस तरी येतं, दाबलंस तरी येतं. मग बस की हसत. कुणाचं काय जातंय?"

"अभ्या, थांब. मला एक सांगायचंय," स्नेहल म्हणाली.

तिनं ते मुद्दाम म्हटलं नव्हतं, आणि त्यानंही मुद्दाम केलं नाही. सात महिने दर शनिवारी ते वाक्य ऐकल्यावर चार माणसं पडताना तो बघत होता. त्याआधीची सगळी वर्षं अप्पांना बघत होता. तो खुर्चीतून सरळ फरशीवर गेला, हात छातीवर, डोळे पांढरे.

आई हसली. पदर तोंडाशी नेऊन, आवाज न करता. टेबलावरची पाटी टिणटिणली. अभिनंदन कोपरावर उठत म्हणाला, "बघा, आईचं आलं."

केतकीबाई पाटीवर वाकल्या होत्या. स्नेहल आईकडे बघत होती.

"आई, का हसलीस?"

"अगं, सवय."

"कसली?"

आईनं हात पुसले. "मी हसले की तुझे अप्पा उठायचे," ती म्हणाली. "नाहीतर पडून राहायचे. आत भाजी करपत असायची. मग हसायचं आणि आत जायचं."

"आणि तुला सांगायचं असायचं ते?"

"ते राहायचं."

अभिनंदन अर्धवट उठलेला, तसाच राहिला. केतकीबाईंनी पाटीवर आकृती मोठी केली. "आईंचा श्वास खूप आधी थांबलाय," त्या म्हणाल्या. "हसण्याच्या तयारीला एवढा वेळ लागत नाही. हा दचकून धरलेला श्वास आहे. मग तो सुटतो, आणि सुटताना हसण्यासारखाच सुटतो. यंत्राला दोन्ही मिळून एकच दिसतंय." त्यांनी बोटानं मागची आकृती शोधली. "स्नेहल मॅडम, तुमच्या त्या जागेच्या आकृतीतही हे आहे. इतर विनोदांत नाही. या एकाच जागेला आहे."

"म्हणजे?" अभिनंदननं विचारलं.

"म्हणजे यंत्राला वाटलं, त्यांना सगळ्यांत जास्त मजा आली. म्हणून ते वाढवत नेलं." केतकीबाईंनी चष्मा काढला. "ही आमची चूक. पण दुरुस्त होण्यासारखी आहे. धरलेला भाग वजा करता येईल. महिन्याभरात ही जागा आपोआप मागे पडेल. मॅडम, तुम्ही बघत राहा. यंत्र फक्त खरं हसू घेईल. तुम्हाला सोडायची गरज नाही, कारण मुळात ते तुम्हाला आवडतच नव्हतं."

"सुटलो," अभिनंदन फरशीवरून म्हणाला. "ताई, सुटलो की. तुझी पोरगी बोलेल, माझा कार्यक्रम राहील."

सगळ्यांना हवं ते मिळत होतं. शनिवार परत मिळत होता, साडेनऊचा फोन परत मिळत होता, भावाला त्याच्या नावाचा कार्यक्रम मिळत होता. वर स्नेहलला निर्दोष असल्याचा दाखला मिळत होता, तोही आकृतीसकट. तिनं स्टूल ओढलं आणि भावाच्या डोक्याशी ठेवलं.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. या वेळी तिनं शब्द सावकाश उच्चारले.

अभिनंदन तिच्याकडे बघून हसला. वातावरण हलकं करायची ती त्याची आयुष्यभराची रीत होती. तो पुन्हा आडवा झाला, जीभही बाहेर काढली.

आई हसली नाही. पाटी वाजली नाही. स्नेहल स्टुलावर बसली.

"पडूनच ऐक. मला काही अडचण नाही," ती म्हणाली. "मला 'पोटभर' आवडतो. आडवं पडणंही आवडतं. सोमवारपासून मी शनिवारची वाट बघते, तुला माहीत आहे. केतकी मॅडम म्हणतात तशी मी दचकत असेन. पण हसले ती मीच. वर्गात त्या पोरीसमोर हसले तीही मीच, तिथं यंत्र नव्हतं. ते मला आवडतच नव्हतं असं मी म्हणणार नाही. न आवडणारी गोष्ट टाकायला काय लागतं? मी आवडणारी टाकतेय."

अभिनंदननं जीभ आत घेतली होती.

"यंत्र दुरुस्त करायचं ते करा. ही जागा जाईल, दुसरी येईल. वहिनीचं वजन येईल, वहिनीचा स्वयंपाक येईल, वहिनीला गाडी शिकवायची येईल. मी त्यालाही हसेन, मला माहीत आहे मी कशाला हसते. म्हणून माझ्या छातीतून आता एकही विनोद पुढे जाणार नाही. बरा नाही, वाईट नाही. दिवाळीचा कार्यक्रम गेला तर मला वाईट वाटेल. तुझ्यापेक्षा जास्त वाटेल कदाचित. तरी नाही."

तो छताकडे बघत होता. "तू माझं पहिलं गिऱ्हाईक," तो म्हणाला.

"आहे की. कानातलं काढ आणि इथं ये. समोर बसून बघेन. नाही हसू आलं तर तेही तोंडावर सांगेन."

"मी आता कान नसताना करू शकत नाही, ताई."

"ते माझ्यामुळे नाही झालेलं."

तो उठला. कुणी हसलं नव्हतं, त्यामुळे नेमकं कधी उठायचं ते त्याला कळलं नसावं. उठताना तो टेबलाच्या कडेला धडकला. केतकीबाईंनी चकती आणि पाटी पिशवीत भरली. जाताना त्या आईला म्हणाल्या, "तुमची आकृती मी ठेवून घेतली तर चालेल? कार्यक्रमासाठी नाही. माझ्यासाठी."

"नको," आई म्हणाली.

केतकीबाईंनी ती तिथंच उभ्या राहून पुसली. अभिनंदन जेवायला थांबला नाही.

सोमवारी वर्गात मुलं आडवी झाली तेव्हा स्नेहलनं नियम सांगितला. जो आडवा पडेल तो तास संपेपर्यंत आडवाच राहील, बाकावर नाही, फरशीवर, आणि त्याला जमिनीवरून फळा दिसतो की नाही हा त्याचा प्रश्न. पहिल्या दिवशी चौदा जण फरशीवर होते, दुसऱ्या दिवशी तीन. एका पालकांनी तक्रार केली. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, "मॅडम, एवढ्याशा गमतीचं एवढं कशाला?" त्यावर स्नेहल म्हणाली, "सर, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कड्या." त्यांना आधी संदर्भ लागला नाही. लागल्यावर त्यांनी शिपायाला हाक मारली.

अल्फियाचा हात वर आला नाही. स्नेहलनं तो यायची सक्ती केली नाही.

शनिवारी आठ वाजता शेजारच्या घरातून 'पोटभर'चं शीर्षकसंगीत ऐकू आलं. स्नेहल वह्या तपासत बसली होती. तिला तो कार्यक्रम हवासा वाटत होता, दात काढल्यावर जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जाते तसा. एक वही तिनं दोनदा तपासली. आत आई फोन डोळ्यांजवळ धरून बसली होती. पोरगा आहे माझा, मी बघणार, असं तिनं दुपारीच सांगून टाकलं होतं, आणि स्नेहलनं वाद घातला नव्हता. साडेआठच्या सुमारास शेजारी मोठा हशा झाला, आणि मग बराच वेळ काहीच झालं नाही. आई फोन हातात घेऊन बाहेर आली.

"नुसता उभा राहिला गं," ती म्हणाली.

साडेनऊला फोन आला. स्नेहलनं तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"बघितलंस?" अभिनंदन म्हणाला.

"नाही."

"ठीक." मागे कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. "चौघे पडले. मी तोंड उघडं ठेवून उभा. एरवी कानात गुणगुण संपली की मी कमरेवर हात ठेवतो आणि पुढचा प्रवेश येतो. आज कानात काही नव्हतं. मला कळेना कुठं थांबायचं. म्हटलं, जाऊ दे, वाक्य पुरं करू. वहिनीला काय सांगायचंय ते बोलू आणि निघू." तो हसल्यासारखा आवाज झाला. "ताई, वाक्यच नाहीये. सात महिने ती म्हणतेय मला एक सांगायचंय, आणि पुढचं कुणी लिहिलेलंच नाही. मी नाही, लेखकांनी नाही, यंत्रानंही नाही. चाळीस सेकंद मी अख्ख्या महाराष्ट्रासमोर उभा होतो आणि मला माहीत नव्हतं तिला काय सांगायचंय."

स्नेहलनं समोरची वही मिटून बाजूला ठेवली.

"स्वतंत्र कार्यक्रमाचं ते सोमवारी ठरवणार. काय ठरेल ते दिसतंच आहे. तू परत बसणार नाहीस ना?"

"नाही."

"विचारून बघितलं. बरं, मग एवढं तरी सांग. काय सांगायचं असेल तिला?"

"मला काय विचारतोस?" स्नेहल म्हणाली. "मी तर हसत होते." तिनं फोन टेबलावरून आईच्या बाजूला सरकवला.

आईनं फोनकडे बघितलं, मग गॅसकडे. गॅसवर काही नव्हतं. तिनं खुर्ची ओढली.

"अभिनंदन," ती म्हणाली, "बसलायस का उभा?"

"उभा आहे."

"बस. वेळ लागेल."